व्हर्ना कुबियाकची टाच

व्हर्नाने टाच आपटली की अख्खा तिसरा मजला मान वर करायचा.

एकदा आपटली तर ‘माझ्याकडे बघा’. दोनदा आपटली तर ‘हातातलं थांबवा’. आणि लागोपाठ तीनदा, नाचाआधी ठेका धरावा तशी आपटली, तर ‘चला, डबे उघडा’. हे तिसरं आपटणं कुणालाच शिकवावं लागलं नाही.

रॉचेस्टर शहरात, नदी जिथे कड्यावरून खाली उडी घेते त्याच्या जरा वर, हॅल्बर्ट कंपनीचा कोट शिवायचा कारखाना होता. लाल विटांची उंच इमारत आणि प्रत्येक मजल्याला मेपलच्या लाकडाची जमीन. पिढ्यान् पिढ्यांचे बूट आणि सांडलेलं मशीनचं तेल पिऊन ती जमीन घासलेल्या परातीसारखी चमकायची. या टोकाला पाय वाजला की त्या टोकाच्या बाईला तो पोटरीत कळायचा. व्हर्नाला तेवढंच हवं होतं. ती जन्माची बहिरी, आणि कोट-लाइनची मुकादम.

“तुमचा आवाज घशात असतो,” ती म्हणायची. “सर्दी झाली की बसतो. माझा पायात आहे, कधी बसत नाही.”

म्हणायची, म्हणजे हातांनी. इथून पुढेही ती जे बोलेल ते हातांनीच बोलेल. फरक इतकाच, की हातांनी ती तोंडवाल्या दहाजणींना ऐकायची नाही.

तिचे आईवडीलही बहिरे. वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. तिथल्या यंत्रांचा दणदणाट असा, की ऐकू येणारे कामगार म्हातारपणी बहिरे होऊन घरी जायचे. वडील म्हणत, “आपण आधीच तयार होऊन आलो.” घरात जेवायचं टेबल गोल, मधोमध दिवा, म्हणजे कुणाचे हात कुणाला दिसायचे राहू नयेत. दिवा लुकलुकला की कुणीतरी हाक मारतंय. जमीन हलली की आई रागावलीय. अशा घरात वाढलेली पोर बहिऱ्यांची शाळा संपवून हॅल्बर्टमध्ये कॉलर शिवायला लागली, आणि काही वर्षांत तिने अख्खी लाइन ताब्यात घेतली. मागून किंवा वशिल्याने नव्हे. जुना मुकादम सुट्टीवर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्याविना काम जास्त झालेलं होतं, इतकंच.

कारण असं, की कोट-लाइनवर जगभरच्या बायका. कुणी इटलीची, कुणी व्हिएतनामची, कुणी स्टेफासारखी युक्रेनची. इंग्रजी एकीलाही धड येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्या खडखडाटात ऐकणार कोण? हात मात्र दिसायचे. त्यामुळे नवी आलेली बाई आधी व्हर्नाची भाषा शिकायची, मग जमलं तर इंग्रजी. हान्ह नावाची व्हिएतनामी बाई बाह्या चढवायची. ‘खिसा उलटा लागलाय’ हे तिला पहिल्याच महिन्यात हातांनी झोकात सांगता यायला लागलं. तोंडाने तिला ते पुढे कितीतरी वर्षं जमलं नाही, आणि अडलंही नाही.

इव्हेलिस कोट्टो प्वेर्तो रिकोहून आली त्या सकाळी व्हर्नाने नेहमीसारखी टाच आपटली. छतच कोसळलं असं समजून इव्हेलिस टेबलाखाली शिरली.

“काय पडलं?” तिने खालूनच खुणेने विचारलं.

“तू,” व्हर्ना म्हणाली.

तेव्हापासून दोघी शेजारी बसल्या. इव्हेलिस ऐकणारी, पण वर्षभरात तिचे हात बहिऱ्यांच्या क्लबात खपून जातील असे चालायला लागले. एक भुवई वर चढवून बघायची तिची सवय. म्हणून व्हर्नाने तिला नाव दिलं: तर्जनीने भुवई उचलायची, की झाली इव्हेलिस. बहिऱ्यांकडून असं हाताचं नाव मिळणं म्हणजे घरच्यांत घेणं. ते मागून मिळत नाही. ज्याला मिळालं नाही त्याचं नाव एकेक अक्षर बोटांवर करत बसावं लागतं, आणि ते करताना लोकांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसतो.

टॉड वेसलिंगचं नाव सगळ्या अक्षरांत करावं लागायचं.

वेसलिंग हा नवा व्यवस्थापक. तो आला आणि कंपनीने ठरवलं, की जुनी इमारत विकायची आणि विमानतळापलीकडे नव्या हॉलमध्ये जायचं. त्याने सगळ्यांना बोलावलं. व्हर्नासाठी दुभाषी बाई आणली, तो जे बोलेल ते हातांनी सांगायला आणि व्हर्ना जे म्हणेल ते मोठ्याने म्हणायला.

“हॉलमध्ये एकही खांब नाही,” वेसलिंग सांगत होता. “खाली काँक्रीट, वर रूळ. कापड रुळावरून प्रत्येकीच्या हाताशी येईल. कुणी उठायचं नाही, कुणी वळायचं नाही. सगळ्या ओळीत, समोर तोंड करून.”

“वळायचं नाही तर बोलायचं कसं?” व्हर्नाने विचारलं.

“त्यासाठी हे.” त्याने कानाला लावायचं यंत्र वर धरलं. तोंडासमोर येणारी बारकी दांडी, कानावर गादी. “मुकादम काचेच्या खोलीत बसेल. समोर पडदा, पडद्यावर आकडे. ती बोलेल ते प्रत्येकीच्या कानात जाईल.”

दुभाषीचे हात क्षणभर अडखळले.

“माझ्या कानात तू गाजर घातलंस तरी चालेल,” व्हर्ना म्हणाली. “तितकंच ऐकू येईल.”

दुभाषीने हे सरळ चेहऱ्याने मोठ्याने म्हटलं, ते तिचं कामच होतं. बायका फसकन हसल्या. वेसलिंगचे कान लाल झाले. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं.

“व्हर्ना, तुमच्या पगाराला हात लावणार नाही मी,” तो म्हणाला. “तुम्ही कॉलरच्या मशीनवर बसा. मुकादम म्हणून इव्हेलिस काम बघेल. नाताळापर्यंत चालवू. जमलं, तर तेच कायम.”

व्हर्नाने इव्हेलिसकडे पाहिलं. इव्हेलिसच्या दोन्ही भुवया खाली होत्या.

“तू हो म्हणालीस?”

“आत्ताच विचारलं त्यांनी. बाहेर, जिन्यात.”

“आणि?”

“मी हो म्हणाले.” इव्हेलिसने हात झटकले. “मी नाही म्हटलं असतं तर बाहेरून कुणीतरी आणलं असतं, व्हर्ना. त्याला तर तुझं नावसुद्धा करता आलं नसतं.”

“तुला करता येतं ना? मग करत बस काचेमागून.”

आणि व्हर्नाने डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की दार लागलं. त्यापुढे कितीही हात हलवा.

नव्या हॉलमध्ये खिडकी नव्हती. पिंपाएवढे दिवे उंच छताला टांगलेले, त्यांचा पांढराफटक उजेड, आणि खाली राखाडी काँक्रीट, दळणाच्या दगडासारखं मुकं. पहिल्याच दिवशी व्हर्नाने समोरच्या बाईला काही सांगायला टाच आपटली. कुणी मान वर केली नाही. जरा जोरात आपटली. मग आणखी जोरात. शेवटी इतकी आपटली, की तिच्याच डोक्यापर्यंत कळ गेली आणि बाकी हॉलला पत्ता नाही. संध्याकाळी ती लंगडत घरी आली. टाच सुजून बटाटा झाली होती.

“कुणाला लाथ घातलीस?” नवऱ्याने, क्लेमने विचारलं. क्लेमही बहिरा. बहिऱ्यांच्या कॉलेजात तो नाटकांचे सेट ठोकायचा.

“जमिनीला,” ती म्हणाली. “मेलेली आहे ती. मढ्यावर बसवलंय आम्हाला.”

त्यानंतरच्या आठवड्यात तिने मोठा घोळ घातला. असा घोळ, जो बहिरी बाईच घालू जाणे.

झालं असं, की पुढच्या ओळीत हान्ह उजव्या अंगाची बाही डाव्या अंगाला चढवत होती, एकामागून एक. पाठमोरी. काचेच्या खोलीत इव्हेलिस आकडे बघत होती, आणि आकडे चांगले होते, कारण उलट्या बाह्याही बाह्याच मोजल्या जातात. उठून जाऊन हान्हच्या खांद्याला हात लावता आला असता. पण घाईच्या वेळी माणूस विचाराने वागत नाही, वळणाने वागतो. व्हर्नाच्या हाताशी भिंतीवर दिव्याचं बटण होतं. आयुष्यभर जे केलं तेच तिने केलं: खट, बंद, खट, चालू. एक लुकलुक. ‘अगं, इकडे बघ.’

दिवे गेले ते आलेच नाहीत.

त्या मोठ्या दिव्यांची तऱ्हाच तशी. एकदा विझवले की थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाहीत. भर सकाळी अख्ख्या हॉलमध्ये काळामिट्ट अंधार. मशीनी थांबल्या. ऐकणाऱ्या बायकांना त्याची मजाच वाटली असणार. हाका, किंकाळ्या, कानातल्या यंत्रांवरून एकमेकींना टोमणे. अंधारात त्यांचं जग चालूच होतं. बंद पडलं ते एकटीचं. व्हर्ना हात मांडीवर ठेवून बसली. बोलायचं कुणाशी, आणि कशाने?

मग कुणीतरी तिचा हात धरला. चाचपडत, मशीनींवर आपटत आलेलं कुणीतरी. तिचा तळवा उघडला आणि त्यावर बोटाने एकेक अक्षर गिरवायला लागलं. व्हर्ना सावकाश वाचत गेली.

तू. गाढव. आहेस.

तिने तो हात ओळखला. अंगठीवरून नव्हे, शिवीवरून. तरी रुसवा मोडला नाही. तिने तळव्यावर उत्तर लिहिलं: जा काचेत. पण हात सोडला नाही, आणि इव्हेलिसनेही सोडवून घेतला नाही. दिवे धुगधुगत परत येईपर्यंत दोघी तशाच बसल्या, आणि उजेड झाल्याबरोबर एकमेकींना ओळख न दाखवता वेगळ्या झाल्या.

वेसलिंगने कागदावर लिहून दाखवलं, की भिंतीवरच्या कुठल्याही बटणाला पुन्हा हात लागता कामा नये. आणि तिला बटणांपासून लांब, सगळ्यांत मागच्या मशीनवर बसवलं. तोंड भिंतीकडे. त्याला ती शिक्षा वाटली नाही, जागा शांत आहे असं त्याला वाटलं. पण ऐकणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबून वर गोणपाट घातलं तर जसं होईल, तसं व्हर्नाचं झालं. दिवसभर समोर भिंत. पाठीमागे काय चाललंय, कोण हसतंय, कोण रडतंय, काही नाही. नाताळ जवळ येत होता. एकदा व्यवस्था कायम झाली, की ही भिंतही कायम.

रविवारी घरातला दाराचा दिवा लुकलुकला. क्लेमने उघडलं तर इव्हेलिस, बर्फाने माखलेली, हातात तुरीच्या दाण्यांच्या भाताचं मोठं पातेलं.

“ती घरी नाही म्हणते,” क्लेम म्हणाला. व्हर्ना त्याच्या मागेच उभी होती.

“तिला सांग, भात गरम आहे.”

“तिला सांग,” व्हर्ना म्हणाली, “मुकादमीणबाईंनी कष्ट घेऊ नयेत.”

“दोघी एकमेकींना दिसताय तुम्ही,” क्लेम म्हणाला. “मला कशाला दमवता?”

इव्हेलिस आत आली, पातेलं गोल टेबलावर ठेवलं आणि कोट न काढताच बोलायला लागली. “मला जमत नाहीये. घे, म्हटलं एकदाचं. मी यंत्रात बोलते, सगळ्या हो म्हणतात. हान्ह हो म्हणते, स्टेफा हो म्हणते. उठून बघते तर भलतंच. त्यांना इंग्रजी कळत नाही हे मला वीस वर्षं कळलंच नव्हतं, कारण आपण इंग्रजीत कधी बोललोच नाही. आकडे मला काय झालं ते सांगतात. काय होणार आहे ते चेहऱ्यावर दिसतं, आणि मला काचेतून दिसतात नुसत्या पाठी आणि वेण्या. शिकागोची ऑर्डर दुसऱ्यांदा मागे पडलीय.”

“बरं झालं,” व्हर्ना म्हणाली.

“बरं झालं?”

“जीव थंड झाला माझा. आता कोट काढ आणि वाढ.”

जेवताना क्लेमने सहज सांगितलं, की जुन्या कारखान्याच्या आत श्रीमंतांसाठी घरं होतायत. वरच्या मजल्यांची जमीन उखडून मागच्या आवारात ढीग मारलाय. कुणी नेलं तर तिथला बांधकामाचा मुकादम उलट आभार मानतोय.

व्हर्नाचा चमचा हवेतच राहिला.

“कुठली जमीन?”

“तुमचीच. मेपल.”

तिने चमचा ठेवला. इव्हेलिसकडे पाहिलं. इव्हेलिसची एक भुवई हळूहळू वर चढली. वेसलिंगच्या त्या सभेनंतर पहिल्यांदा.

सोमवारी इव्हेलिस वेसलिंगकडे गेली. खोटं एक अक्षर बोलली नाही. काँक्रीट गार आहे, बायकांचे पाय दुखतात, पायाखाली लाकूड टाकलं तर बरं पडेल, लाकूड फुकट मिळतंय, घालायला माणसंही आपलीच. वेसलिंग म्हणाला, “छान कल्पना. देखभालवाल्यांना दाखवून घ्या, गाड्या अडखळायला नकोत.” देखभालवाल्याने कडेला उतार करायला सांगितला आणि सही दिली.

शनिवारी बहिऱ्यांच्या क्लबातले निम्मे लोक टेम्पोतून फळ्या घेऊन हजर झाले. कोट-लाइनच्या बायका नवऱ्यांसकट आल्या. व्हर्नाला धीर कुठला? क्लेम सामान उतरवत होता तेवढ्यात तिने एका कोपऱ्यात काँक्रीटवरच फळ्या चिकटवून टाकल्या आणि वर उभी राहून टाच आपटली. दुखरी टाच. काही नाही. फळी गप्प, बायका गप्प. व्हर्नाचा चेहरा उतरला.

क्लेम कमरेवर हात ठेवून बघत होता. “ढोलकीत चिखल भरून वाजवतेस होय?”

“म्हणजे?”

“पोकळी कुठाय? रंगमंच का वाजतो? खाली रिकामा असतो म्हणून. आधी वासे आडवे टाक, मधे हवा ठेव, मग फळी ठोक. तीस वर्षं मी हेच करतो, तू कधी विचारलंस का?”

“तू कधी बोललास का?”

“तू बोलायला जागा दिलीस का?”

हान्हने मधे पडून हातोडी क्लेमच्या हातात दिली. चिकटवलेल्या फळ्या उपटल्या. वासे आले, फळ्या आल्या, जुन्याच खुणांसकट. एका फळीवर इस्त्रीचा जुना डाग सापडला आणि तो कुणी पाडला होता यावर स्टेफा आणि हान्ह खिळे ठोकता ठोकता भांडल्या. दुपारी स्टेफाच्या उकडलेल्या करंज्या, म्हणजे पिएरोगी, आणि इव्हेलिसचा भात यांवर सगळे तुटून पडले. आणि जेवण झाल्यावर, कागदावर नव्हतं ते व्हर्नाने केलं. ओळी मोडल्या. मशीनी घोड्याच्या नालेसारख्या अर्धगोलात मांडल्या, म्हणजे प्रत्येकीला प्रत्येकीचा चेहरा दिसेल, आणि नालेच्या उघड्या तोंडाशी एक उभं राहायची जागा ठेवली.

“याची सही नाही आपल्याकडे,” इव्हेलिस म्हणाली.

“रुळाखालीच आहेत मशीनी. कापड येईल. सही सोमवारी मागू.”

सोमवारी वेसलिंग आला आणि फळ्यांच्या कडेलाच थबकला. दुभाषी नव्हती. इव्हेलिस मधे उभी राहिली.

“मी पायाखाली फळी म्हणालो होतो,” तो म्हणाला. “इथे पंगत मांडलीय.”

इव्हेलिसने ते हातांनी सांगितलं.

“शहाणा आहे,” व्हर्ना म्हणाली. “पंगत आहे हे त्याला कळलं. आता विचार त्याला, वाढणारा काचेच्या खोलीत बसतो का?”

इव्हेलिसने ‘शहाणा’ वगळून बाकीचं मोठ्याने म्हटलं. वेसलिंग हसला नाही. हे त्याने वरच्यांना दाखवून मंजूर करून घेतलेलं काम होतं, आणि त्याच्या नोकरीवरही डोळा ठेवून लोक बसले होते.

“शिकागोचा ट्रक आज संध्याकाळी येतोय,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा मी त्यांना तोंड दाखवू शकत नाही. माल पुरा गेला नाही, तर उद्या सकाळी ओळी जिथल्या तिथे, फळ्या बाहेर. आणि मुकादमीचा विषय व्हर्नाने पुन्हा काढायचा नाही. कधीच.”

“आणि गेला तर?” व्हर्नाने विचारलं.

“तर बघू.”

“बघू नको. बघायचं काम माझं. तू बोल.”

वेसलिंगने तिच्याकडे पाहिलं, इव्हेलिसकडे नव्हे. “गेला तर तुम्ही मुकादम.”

व्हर्ना नालेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. बूट सरळ केला. टाच उचलली आणि आपटली.

अर्धगोलातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. स्टेफाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ती सुई ओवायला लागली. ओवलेलीच सुई.

मग काय विचारता. इकडे कॉलर तुंबली की व्हर्नाचा हात जाई, तिकडची एक मोकळी बाई इकडे सरके. अस्तर संपत आलं हे अस्तरवालीच्या आधी समोरचीला दिसे. इकडून तिकडे हात, भुवया, वाकुल्या. सासवांच्या उखाळ्यापाखाळ्यासुद्धा चालू, शिलाई न थांबता. काचेच्या खोलीत पडद्यावर आकडे एकटेच पळत होते. इव्हेलिसने कानातलं यंत्र तिथल्या खुर्चीवर ठेवलं आणि स्वतः मशीनवर येऊन बसली.

दुपारी व्हर्नाच्या तळपायाला काहीतरी टोचलं. लाइनची नेहमीची गुरगुर, पण तिच्यात एक लंगडा ठोका. तिने दोनदा टाच आपटली. सगळं थांबलं. फळ्यांवरून ती मांजरीसारखी चालत गेली आणि हान्हच्या बाही चढवायच्या मशीनसमोर थांबली. सुईचा दांडा सैल झालेला. आणखी थोडा वेळ चालली असती तर मशीनने बाह्या फाडल्या असत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, संध्याकाळशिवाय होणार नाही.

बाह्या संध्याकाळशिवाय नाहीत, म्हणजे ट्रक नाही. नालेतल्या सगळ्या व्हर्नाकडे बघत होत्या. हान्हचे ओठ पांढरे पडले होते.

“तुझ्या आईने बाह्या कशाने चढवल्या?” व्हर्नाने तिला विचारलं.

“हाताने,” हान्ह म्हणाली. “पण मी एकटी...”

“एकटी कोण म्हणालं?”

आणि तिने नाल वाकवली. कॉलरच्या दोघी काम पुढे गेलेल्या, त्यांना हान्हच्या शेजारी बसवलं. इव्हेलिसला कॉलरवर. हान्हने एक बाही हाताने टाचून दाखवली, सगळ्यांना दिसेल अशी, हवेत. बोलून सांगायला अर्धा दिवस गेला असता. दिसल्यावर क्षणात आलं. हान्ह टाचत गेली, दोघी टाचत गेल्या, स्टेफाने साध्या मशीनवर पक्की शिलाई मारली. हान्हचा चेहरा पुन्हा माणसात आला, आणि थोड्याच वेळात ती शेजारणीच्या टाक्यांना नावं ठेवायला लागली, तेव्हा व्हर्नाने ओळखलं की आता जमलं.

वेसलिंग कडेला येऊन उभा होता, फळ्यांवर, मान खाली घालून हातातल्या फोनकडे बघत. ट्रक दाराशी लागला होता. व्हर्नाने शेवटच्या कोटांसाठी एकदा टाच आपटली.

वेसलिंगने मान वर केली.

त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मान वर केल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आणि तो आपल्या बुटांकडे बघायला लागला, जणू ते बोलले. व्हर्नाने ते पाहिलं. पण बोलणार कशाने? हात कोटात गुंतले होते.

शेवटचा कोट रुळावरून गेला. ट्रकचं दार लागलं ते ऐकणाऱ्यांनी ऐकलं, आणि व्हर्नाने त्यांच्या चेहऱ्यांवर वाचलं. मग तिने टाच उचलली. एक, दोन, तीन, ठेक्यात. डबे केव्हाच रिकामे झालेले, पण कुणी तक्रार केली नाही. उलट सगळ्यांनी तोच ठेका परत दिला, बसल्या जागेवरून, एकदम. हॉलच्या त्या टोकाला पँट-लाइनच्या बायका वळून बघायला लागल्या. वळायचं नसतं, तरी.

दुसऱ्या दिवशी वेसलिंग कॉफीचा कप घेऊन नालेपाशी आला. इव्हेलिसला म्हणाला, “पँटवाल्या विचारतायत, त्यांना फळ्या कधी. आणि मुकादम म्हणून त्या तुझं नाव घेतायत. यंत्राशिवाय.”

“काचेच्या खोलीचं काय करायचं?” इव्हेलिसने विचारलं.

“कॉफी ठेवा. विजेची सोय आहेच तिथे.” मग तो व्हर्नाकडे वळला आणि घरी आरशासमोर घोकून आल्यासारखा, ताठ बोटांनी, खुणेने म्हणाला, “शुभ सकाळ, मुकादम.”

व्हर्नाने त्याला नीट निरखलं. मग डावा तळहात पालथा हवेत धरला, त्याच्या खालून उजव्या मुठीने एक ठोका दिला, आणि तो ठोका लागताच तळहात जरासा वर उचलला.

“हे काय?” वेसलिंगने विचारलं.

“तुझं नाव,” व्हर्ना म्हणाली, आणि इव्हेलिसने ते मोठ्याने सांगितलं. “ज्याला खालून कळतं तो.”

वेसलिंगने ते स्वतः करून बघितलं. एकदा. पुन्हा एकदा.

“फार फुगू नकोस,” व्हर्ना म्हणाली. “अक्षरं करून करून बोटं दुखत होती आमची. आता तुझ्यामागे तुला शिव्या घालायला सोपं जाईल.”

हे इव्हेलिसने शब्दाला शब्द सांगितलं. आणि वेसलिंगचं हसू पुरतं संपायच्या आत व्हर्नाने टाच आपटली. कामाला लागा.